शेवंतीचा आषाढ

“हे पाह्य,” म्हणत भागाबाईनं नंदकुमारला शेजारच्या निंबाच्या अंगणात ओढत आणलं आणि शेवंतीच्या डब्यापाशी उभं केलं. “साऱ्या राजपुऱ्यात शेवंती फुललीय. माझ्या दारची तर पानं दिसत नाहीत. अन् ही पाह्य. एक कळी नाही. धुरपदा गेली अन् हिनं सुतक धरलं ते धरलं.”

निंबा ओट्यावर चहा पीत होता. त्यानं खाली उतरून पाहुण्यासाठी खाट सरकवली. भागाबाईचं हे बोलणं त्यानं वीस वेळा ऐकलं होतं आणि अजून त्याला ते नकोसं झालं नव्हतं. गल्लीतल्या बायका यायच्या, बायकोच्या हातची ती शेवंती पाहायच्या, डोळ्याला पदर लावून जायच्या. आपल्याखेरीज या घरात आणखी कोणीतरी दुःखात आहे, एवढ्यावर त्याचे दिवस निघत होते.

“हा माझा भाचा,” भागाबाई म्हणाली. “शेतकी खात्यात हाये.”

“तुमचं हापिस भोपाळला गेलं म्हणतात, भाऊ?” निंबानं विचारलं.

“ऑफिस इथंच आहे, काका. नवं राज्य झालं तसे नागपूरचे साहेब तेवढे भोपाळला गेले. महिना झाला, सारे कागद हिंदीत.”

बोलता बोलता नंदकुमार उकिडवा बसला. पानं उलटी करून पाहिली. कीड नव्हती. मुळाशी बोट घालून पाहिलं. माती ओली होती. झाड चांगलं छातीएवढं वाढलं होतं, हिरवंगार. मग तो उठला आणि त्याची नजर वर गेली. भिंतीला ठोकलेल्या पट्टीवर दिवा जळत होता, ढळढळीत उजेडात.

“काका, हा बल्ब कधीपासून चालू आहे?”

“ती आजारी पडली तवापासून. तिची खाट इथंच होती. अंधारात तिचा जीव घाबरायचा.”

“आणि नंतर?”

“ऱ्हाऊ दिला.”

“रात्रभर?”

“रात्रभर.”

नंदकुमारनं कपाळावर हात मारला आणि एकदम हसला. “मावशी, सुतक-बितक काही नाही. हा सारा या दिव्याचा खेळ आहे! शेवंती रात्र मोजते. दसऱ्यानंतर रात्री मोठ्या होतात, तेव्हा तिला कळतं की थंडी आली, मग ती कळ्या धरते. हिला रात्रच दिसली नाही. हिच्या हिशोबानं अजून आषाढ चालू आहे.”

“म्हणजे बल्बानं सुतक धरलं म्हण की,” भागाबाई फणकारली. “चार बुकं काय शिकला, झाडाच्या मनातलं कळाया लागलं याले.”

पण नंदकुमारचं तिकडे लक्ष नव्हतं. “परदेशात हे मुद्दाम करतात, काका. मी फार्मवर दोनदा करून पाहिलं, दोन्ही खेपेला ऐन वेळी लाइट गेली. तुमच्या हातून नकळत झालं. आता एक करा. दिवा असाच संक्रांतीपर्यंत ठेवा, मग बंद करा. होळीला फुलं येतील. होळीला शेवंती! शाहपूरच्या माळ्यांना इथं आणून दाखवतो. त्यांचा विश्वास बसणार नाही.”

निंबा खाटेच्या कडेला बसला होता. चहा तसाच राहिला होता.

“आषाढ?” त्यानं विचारलं.

“हो.”

“म्हणजे नागपंचमी हिच्यासाठी अजून झालीच नाही?”

“नाही ना. तेच तर सांगतोय.”

धुरपदाबाई नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गेली होती. आषाढात ती याच खाटेवर उठून बसायची, तांदळाचं धुवण हात लांब करून शेवंतीला घालायची आणि पाणी सांडलं म्हणून निंबानं हटकलं की त्याच्यावरच डाफरायची.

निंबानं झाडाचं एक पान बोटात धरलं. “म्हणजे हिले काही माहीतच नाही,” तो हळूच म्हणाला.

“काय?” नंदकुमारनं विचारलं.

निंबा उठला आणि दाराशी गेला. दिवस मावळायला आला होता. समोरच्या घरात कोणीतरी चूल पेटवत होतं. त्यानं दाराजवळच्या दिव्याच्या बटणावर हात ठेवला.

“काका, बंद करू नका हं,” नंदकुमार घाईनं म्हणाला. “दीडच महिन्याचा प्रश्न आहे. आज अंधार पडला तर सगळा प्रयोग मोडेल.”

“भाऊ,” निंबा म्हणाला, “जसोंडीपासून शाहपूरपर्यंत जेवढे नातेवाईक हायेत, त्या साऱ्यांच्या दारी मी स्वतः गेलो. कोणाले चिठ्ठी नाही टाकली. तोंडानं सांगितलं. हिलेच तेवढं सांगायचं राहिलं.”

त्यानं दिवा बंद केला.

नंदकुमार काही बोलणार होता, पण भागाबाईनं त्याचं मनगट धरलं. अंगणात संध्याकाळ उतरली. शेवंतीची पानं आधी काळपट झाली, मग वेगळी दिसेनाशी झाली.

निंबानं घरातून पाट आणला आणि डब्यापासून हातभर अंतरावर मांडला. कोणाच्या दुःखाला गेल्यावर माणूस बसतो तसा तो त्यावर मांडी घालून, मान खाली करून बसला.

“तुम्ही निघा आता,” तो म्हणाला. “हिचा पहिलाच दिवस हाये. मी बसतो जरा हिच्यापाशी.”