एल्गरचा वंश

सरदार सिएर्क हारिंगा एबेच्या घराचं पुढचं दार मघापासून ठोठावत होते आणि आतून कुणी उघडत नव्हतं. उघडणार तरी कसं? आमच्या फ्रीसलँडात शेतकऱ्याच्या घराचं पुढचं दार दोनच वेळा उघडतं, नवरी आत यायची असते तेव्हा आणि शवपेटी बाहेर न्यायची असते तेव्हा. बाकी सगळी ये-जा मागून, गोठ्यातून. सरदारांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण गोठ्यातून शिरणं त्यांच्या रक्ताला मानवत नव्हतं, आणि सध्या सगळं भांडण रक्ताचंच होतं.

"बाबा, चला मागून," त्यांची मुलगी तितिया म्हणाली. "त्यांची जेवणाची वेळ झालीय."

तितियाला एबेच्या मुलाशी, वात्सेशी, लग्न करायचं होतं. सरदारांना ते मोडायचं होतं, तेही पुराव्यानिशी. त्यासाठी घराण्याच्या वंशवृक्षाची गुंडाळी त्यांनी काखेत मारून आणली होती. मुळाशी एल्गर, बाराशे वर्षांपूर्वीचा सरदार. शेंड्याला तितिया. मधली काही शतकं नुसत्या ठिपक्यांची होती, पण ठिपके सोनेरी शाईचे होते.

नाक मुठीत धरून ते गोठ्याच्या दाराशी आले. दार ओढायला हात घातला आणि तिथेच थबकले. मग खिशातला स्वच्छ रुमाल काढून त्यांनी दाराची मूठ पुसली. शेणाखालून सोन्यात जडवलेले लाल खडे चमकले.

गोठ्याला लागूनच्या स्वयंपाकघरात एबे, त्याची बायको बाउक्ये आणि वात्से जेवायला बसले होते. मधोमध उकडलेल्या बटाट्यांचं भलंमोठं भांडं वाफाळत होतं.

"या, सरदारसाहेब," एबे म्हणाला. "जेवणार?"

"एबे, तुझ्या गोठ्याच्या दाराला ती मूठ कुठून आली?"

"ती होय? पलीकडच्या वावरात नांगराला लागली. हातात झकास बसते, म्हणून ठोकली दाराला."

"ती तलवारीची मूठ आहे. एल्गरच्या तलवारीची!" सरदारांनी टेबलावर वंशवृक्ष पसरला. बाउक्येनं घाईघाईनं भांडं बाजूला ओढलं. "हे बघ आमच्या घराण्याचं चिन्ह. नक्षी तीच, खडेही तेच. अख्खी जवानी गेली रे माझी त्याला शोधण्यात."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी त्यांची कुणालाही दया आली असती.

एबेनं मात्र डोकं खाजवलं. "पण एल्गरला गावच्या टेकाडात पुरलंय, असं तुम्हीच सांगत होता ना?"

सरदार छताकडे बघू लागले. पुरापासून वाचायला जुन्या लोकांनी शेणामातीचं जे टेकाड रचलं, त्यावर आमचं गाव बसलंय. आता ते अर्धंच उरलंय. त्या मातीसारखं खत दुसरं नाही, म्हणून सरदारांच्या आजोबांनी आपल्या वाट्याची बाजू खणून होड्या भरभरून विकली. घेणाऱ्यांत एबेचा आजा पहिला होता.

"म्हणजे तुमच्या आजोबांनी," एबे सावकाश म्हणाला, "स्वतःचा पूर्वज विकला?"

"त्यांना माहीत नव्हतं!"

"आणि आमच्या आज्यानं तो शेतात पसरला."

"म्हणूनच सांगतो!" सरदारांनी टेबलावर हात आपटला. "उद्यापासून त्या वावरात नांगर चालणार नाही. कुंपण घालायचं, स्मारकाचा दगड उभा करायचा. तिथल्या मातीच्या कणाकणात एल्गर आहे!"

बाउक्येनं भांड्यात डोकावून पाहिलं.

"हे त्याच वावरातले आहेत," ती म्हणाली.

एबेचा काटा तोंडाशी अडला. "काय हो, तो ख्रिस्ती तरी होता का?"

"एल्गर? छे! पाद्री त्याला बाप्तिस्मा द्यायला आला, तर यानं पाद्र्यालाच खाडीत बुडवला."

एबेनं काटा खाली ठेवला. थोडा विचार केला आणि परत उचलला. "आपण प्रार्थना करून जेवतो. चालतंय."

तितिया इतका वेळ भिंतीशी उभी होती. ती पुढे आली आणि तिनं वंशवृक्षावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"बाबा, आपल्याकडे हे आहेत." मग तिनं तेच बोट वात्सेकडे वळवलं. दाराची चौकट भरून टाकेल एवढा तो मुलगा, ताटात बटाट्यांचा ढीग आणि कान लालबुंद. "आणि हा दात आल्यापासून रोज दुपारी एल्गर खातोय. याचा बापही तेच खात आलाय. आता तुम्हीच सांगा, एल्गर कुणात जास्त आहे?"

कणाकणाची गोष्ट सरदारांनी स्वतःच काढली होती, आता माघार कुठे घेणार? त्यांनी ठिपक्यांकडे पाहिलं. मग वात्सेच्या रुंद खांद्यांकडे पाहिलं, बराच वेळ.

हळूच त्यांनी वंशवृक्ष गुंडाळला. बटाट्यांच्या भांड्यासमोर डोक्यावरची हॅट उतरवली.

"एक वाढा," ते म्हणाले.

बाउक्येनं त्यातल्या त्यात मोठा निवडून वाढला. सरदारांनी डोळे मिटून घास घेतला. चावला, गिळला.

"मीठ कमी आहे," सरदार म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

बाउक्येनं मीठ त्यांच्यापुढे सरकवलं आणि वात्सेला कोपरानं ढोसलं.

"ऊठ. पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घाल."