हिरव्या शाईतला ‘स्व’

एका दिवंगत पुढाऱ्यांचं चरित्र लिहिणारे शेषगिरी मास्तर रायापूरला गेले ते एका पोस्टकार्डासाठी. तिथल्या हेमाक्का म्हणजे पुढाऱ्यांची लपवलेली लेक, असं अर्धं धारवाड म्हणे. उरलेलं अर्धं म्हणे, साफ खोटं. मास्तरांच्या वहीत दोन्ही बाजू होत्या, निकाल नव्हता. हेमाक्कांनी एकसष्ट सालचं कार्ड पुढ्यात ठेवलं. त्यांच्या शाळकरी अक्षरात पुढाऱ्यांना मायना होता ‘तीर्थरूप’, म्हणजे सख्ख्या वडिलांना लिहितात तो. पण मध्येच हिरव्या शाईनं ‘स्व’ घुसवला होता; झालं ‘तीर्थस्वरूप’, परक्या वडीलधाऱ्यांसाठी. “अक्का, ही दुरुस्ती शाळेतल्या बाईंची?” “नाही की हो. त्यांनीच दुरुस्त करून, पाकिटात घालून कार्ड परत पाठवलं.” मास्तरांनी पेन उघडलं, पण हे कुठल्या बाजूला लिहायचं ते कळेना. “जपून धरा, मास्तर,” हेमाक्का शांतपणे म्हणाल्या. “त्यांनी मला लिहिलेलं तेवढंच एक अक्षर.”