घरचा अभ्यास

"खरं सांगा. बायकोनं शिकवलं ना?"

बाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. लिफ्टमन समोर उभा होता, टोपी हातात चुरगाळत. सगळं हॉस्पिटल त्याला 'तळमजला' म्हणायचं. बावीस वर्षं तोच शब्द ओरडत आला होता ना!

"शप्पथ नाही, बाई."

"मग हे काय?"

बाईंनी तोंडी परीक्षेचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. तळमजल्याचा आवाज, आणि तोही इंग्रजीत. अडखळत होता, ठेचकाळत होता, पण थांबत नव्हता गडी. घरातला नळ गळतो. बायकोचा गुडघा सकाळी धरतो, म्हणून पाणी आता तो भरतो. दूध त्याच्या हातून दोनदा उतू गेलं, आता तो शेगडीपासून हलत नाही. चांगली अकरा मिनिटं चाललं हे. त्याच्या वर्गातले बाकीचे एकोणीस जण "माय हाऊस इज गुड" एवढंच म्हणाले आणि घाम पुसत बसले.

बाईंना एका जागी बसवेना. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. पेनाचं टोपण काढलं, घातलं. टेबलावर फोन थरथरत होता. विद्यापीठातल्या सरांना आकडे हवे होते, आजच्या आज.

भानगड अशी होती. मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवलं तर लवकर येतं, यावर बाईंचं संशोधन चाललं होतं. हॉस्पिटलातल्या चाळीस कामगारांच्या चिठ्ठ्या टाकून त्यांनी दोन वर्ग केले. एक फळ्याचा वर्ग. बाई लिहिणार, यांनी वहीत उतरवायचं, शब्द घोकायचे, तोंड उघडायचं नाही. दुसरा बोलका वर्ग. वही नाही, पुस्तक नाही, नुसतं एकमेकांशी बोलायचं. सारखंच दूध दोन भांड्यांत घ्यायचं, विरजण एकातच घालायचं आणि काय होतं ते बघायचं. पण चमचा या भांड्यातला त्या भांड्यात गेला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. आपल्या वर्गातलं दुसऱ्या वर्गातल्या माणसाला सांगायचं नाही. सांगितलं तर नाव कमी, प्रमाणपत्र नाही.

तळमजल्याची चिठ्ठी फळ्याच्या वर्गात निघाली होती. चादरींच्या कोठीवरच्या ताईंची बोलक्या वर्गात. दोघं नवराबायको आहेत हे बाईंना आज कळलं, तेही फॉर्मवरचे पत्ते जुळले म्हणून. नाहीतर कळणार कसं? 'घरचं माणूस' या रकान्यात त्यानं गेटवरच्या वॉचमनचं नाव लिहिलेलं, तिनं बहिणीचं.

आणि प्रमाणपत्रावाचून तळमजल्याचं काही खरं नव्हतं. पहिल्या तारखेपासून लिफ्ट बटणावर चालणार होती. परदेशी पेशंटांच्या चौकशीच्या खिडकीवर एक जागा रिकामी होती, पण इंग्रजीचा कागद दाखवला तरच. नाहीतर घरी.

बाईंनी ताईंना आत बोलावलं. ताई आल्या आणि नवऱ्याला सोडून पार तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. चोरी पकडली गेली की साथीदार असेच लांब बसतात, बाईंच्या मनात आलं.

"ताई, वर्गातलं घरी सांगितलंत?"

"एक अक्षर नाही. सही केलीय मी."

"मग हे बोलायला कुठं शिकले?"

"आता मला काय माहीत? मी आपला माझा घरचा अभ्यास करायची. हे मध्ये तोंड घालायचे."

"कसला अभ्यास?"

"घ्या! तुम्हीच नाही का दिला? रोज दहा मिनिटं घरी कुणाशी तरी इंग्रजीत बोला म्हणून. पोरगी सासरी. घरात दुसरं आहे कोण? चार दिवस कपाटाशी बोलले. कपाट काही उत्तर देईना. पाचव्या दिवशी कपाटाला सांगत होते, नळ गळतोय म्हणून. तर मागून आवाज आला, 'आय नो.'"

तळमजल्यानं मान खाली घातली. "फळ्यावरचे शब्द सगळे पाठ होते, बाई. निसटलं तोंडातून."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. अभ्यास त्यांनीच दिलेला. विरजणाचा चमचा त्यांनी स्वतःच्या हातानं फिरवला होता. फोन परत थरथरला. या वेळी त्यांनी उचलला.

"सर, फळ्याच्या वर्गातला एक माणूस आकड्यांतून काढावा लागेल. नाही, नाही, त्यांची चूक नाही. माझी आहे."

सर पलीकडून बरंच काही बोलले. बाईंनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. तो बंद झाल्यावर ड्रॉवरमधून प्रमाणपत्र काढलं, सही केली आणि दाणकन शिक्का मारला.

तळमजल्यानं टोपी शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी कागद घेतला. टोपी तिथंच राहिली. तो दारापर्यंत गेला तेव्हा ताईंनी ती उचलली.

"युवर कॅप," त्या म्हणाल्या.

"थँक यू."

बाईंना हसू आलं. "अहो, परीक्षा संपली की! आता कशाला इंग्रजी?"

"आमचं सगळं इंग्रजीतच असतं, बाई," ताई म्हणाल्या. "भाजी, औषध, पोरीचा फोन, सगळं."

"कमाल आहे! त्यापेक्षा आपल्या भाषेत सोपं नाही का पडत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपल्या भाषेत," तळमजला टोपी घालत म्हणाला, "आमचा सहा वर्षं अबोला आहे, बाई."