काठोकाठ ग्लास

निंबाने कारखान्यात सुट्टी टाकली आणि बायकोला, कावेरीला, रिक्षात बसवून सिल्वासातलं ‘नारंगो’ शीतपेयाचं संग्रहालय दाखवायला नेलं. तीन वर्षांपूर्वी किडन्या निकामी झाल्यापासून तिला दिवसाला दोनच पेले पाणी चालायचं. तेही निंबा मोजून द्यायचा. चोरून घोटभर जास्त प्यायली, की घर डोक्यावर घ्यायचा.

लहानपणी जत्रेत प्यायलेली तीच जाड काचेची बाटली कपाटात दिसली, तेव्हा कावेरी तिच्यासमोरून हलेचना. शेवटच्या दालनात आलेल्या सगळ्यांना गारेगार नारंगो देत होते. कावेरी सवयीने बाजूला सरकली. निंबाने मात्र ग्लास काठोकाठ भरून घेतला आणि तिच्यापुढे धरला.

“एवढा?” ती हसली. “मला एक घोट पुरे.”

“पी गं. सगळा पी. पाहिजे तर अजून एक घेऊ.”

तिने ग्लास ओठांपर्यंत नेला आणि थांबली. त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

“अहो,” तिने हळूच विचारलं, “काल मला बाहेर बसवून डॉक्टर तुम्हाला काय बोलले?”