भरलेलं घर

नादारीच्या अर्जापायी श्यामसुंदर तिसऱ्यांदा कोर्टात जाऊन आला होता. भिकेला लागल्याचंही इतक्या कागदांवर सिद्ध करावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उद्या कोर्टाचा माणूस घाटकोपरच्या खोलीत सामानाची यादी करायला येणार, एवढंच काय ते नक्की झालं होतं. घरात पाऊल टाकतो तर भिंतीवर लंबकाचं घड्याळ, दोन वेताच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात घासूनपुसून ठेवलेला पितळी हंडा. सकाळी यातलं काहीच नव्हतं.

त्याने कपाळाला हात लावला. "विमल, अगं, आपल्याकडे काही नाही हेच तर दाखवायचंय. तो हे सगळं आपलं म्हणून लिहून घेईल आणि लिलावात काढेल. कुणाचं आहे?"

"शेजारच्या माणिकवहिनींचं."

तो मटकन खुर्चीत बसला. "त्यांचेच तर दोनशे रुपये बुडणार आहेत. अर्जातल्या देण्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं आहे. मागायला जीभ तरी कशी उचलली तुझी?"

"मी मागितलं नाही. यादीत त्यांचं नाव आहे, हेच सांगायला गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या मागोमाग एकेक वस्तू आणून मांडली. म्हणाल्या, परक्या माणसाला तुमचं घर रिकामं दिसायला नको."