मनातलं मत

नरसूबाईच्या कपाळावर यंत्राचा पट्टा घट्ट बसवून मतदान केंद्रावरच्या बाईंनी प्रश्न वाचला, "सरकारनं प्रत्येकाला दरमहा पोटापुरते पैसे द्यावेत का?"

"द्यावेत की! सगळ्यांना द्यावेत," नरसूबाई म्हणाली. विड्या वळणारी यंत्रं सोलापुरात आल्यापासून तिच्या घरी दिवसातून एकदाच चूल पेटत होती.

तेवढ्यात तिला दारात रांगेत उभी असलेली शेजारीण दिसली, यल्लूबाई. आपण दिवसाला हजार विड्या वळायचो, तेव्हा ही दुपारची पाय पसरून झोपायची. हिलाही तेवढेच?

समोरच्या यंत्रावर लाल दिवा लागला.

"तुमचं मत 'नको' असं नोंदलं गेलंय, मावशी."

"अहो, मी तर हो म्हणाले!"

"आता तोंडचं धरत नाहीत, मनातलंच मोजतात. सकाळपासून एकाचाही हिरवा लागलेला नाही."

नरसूबाई बाहेर पायरीवर येऊन बसली. सकाळी दोघी हात धरून चालत आल्या होत्या. वाटेत यल्लूबाईनं आपली अर्धी भाकरी तिला दिली होती.

थोड्या वेळानं यल्लूबाई बाहेर आली, ती मान खाली घालूनच. नरसूबाई पायरीवरून उठली. दोघी घराकडे निघाल्या, रस्त्याच्या दोन कडांनी.