खाणवस्तीतल्या माणसांची नावं

"ही पंपवाल्याची धाकटी बहीण," मावशी म्हणाल्या. "आणि मागं दात काढून हसतोय ना, तो बडबड्या. फोटो म्हटलं की याला पुढं यायची घाई, आणि उंचीपायी दरवेळी मागं ढकलला जायचा."

संग्रहपालाने नवीन पाकिटावर नावं लिहिली आणि पुढची निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवली.

तीन महिने हे असंच चाललं होतं. दूर डोंगरातली तांब्याची खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिथं राहून कंपनीच्या फोटोग्राफरने काढलेल्या चार हजार निगेटिव्ह तेवढ्या शहरातल्या संग्रहालयात येऊन पडल्या होत्या. फोटोग्राफर कधीच वारला होता. गोदामाचं छत गळून जुन्या पाकिटांवरची शाई पार धुऊन निघाली होती. चेहरे शाबूत, नावं गायब.

"बिननावाची माणसं सांभाळून करायचं काय?" असं वरिष्ठांनी विचारलं होतं. सहा महिन्यांत नावं लागली नाहीत, तर सगळं मोडीत निघणार होतं. खाणीवर उरलेल्या पाच-पन्नास म्हाताऱ्यांना विचारून झालं. त्यांना आपापल्या उंबऱ्यापलीकडचं फारसं आठवत नव्हतं.

अशात एक दिवस ऐंशीच्या घरातल्या मावशी काठी टेकत आल्या. "त्या माणसांना मी ओळखते," एवढंच म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

संग्रहपालाला देव भेटल्यासारखं झालं. कोण कुणाचा भाऊ, कुणाचं कुणाशी जमलं, कुणाची कुणाशी बोलाचाल बंद, सगळं मावशींना तोंडपाठ. तो म्हणाला, "मोठे फोटो छापून देतो, डोळ्यांना त्रास नको." तर म्हणाल्या, "कशाला? अशीच तर ओळखीची वाटतात."

"वर थंडी फार असायची म्हणे," त्याने एकदा विषय काढला.

"असणारच. सगळ्यांच्या अंगात स्वेटर बघा ना."

"तुम्ही कुठल्या चाळीत राहायचात, मावशी?"

"पुढची काढा, साहेब. डोळे साथ देतायत तोवर उरकून घेऊ."

चार हजारांत मावशींचा एकही फोटो निघाला नाही. स्वतःबद्दल त्या चकार शब्द काढत नव्हत्या. खाणीत कुणीतरी गमावलं असणार, असं संग्रहपालाने मनाशी ताडलं. उगाच खपली कशाला काढा? त्याने पुन्हा विचारलं नाही.

पाचव्या महिन्यात शेवटचं पाकीट भरलं. प्रदर्शन खाणीवरच भरवायचं ठरलं, जुन्या कॅन्टीनच्या हॉलमध्ये. जीपने चार तासांचा चढ होता. मावशी ठेवणीतला कोट घालून खिडकीशी बसल्या आणि सगळी वाट त्यांची नजर बाहेरून हटली नाही.

"आठवतंय का?" संग्रहपालाने विचारलं.

"एकेक ओळखीचं निघतंय," मावशी म्हणाल्या.

हॉल माणसांनी भरला होता. माणसं फोटोंवर बोटं ठेवून हसत होती. एका फोटोसमोर साठीचा एक गृहस्थ कधीचा उभा होता. पूर्वी खाणीवर क्रेन चालवायचा. फोटोत एक तरुण बाई हेल्मेटचे दिवे पुसत होती, कडेवर तान्हं मूल. खाली लिहिलं होतं: दिवेघरातली मैना, मुलासह.

"हे नाव कुणी सांगितलं?" त्याने संग्रहपालाला विचारलं.

संग्रहपालाने त्याला मावशींपुढं नेलं.

"मैना माझी आई," क्रेनवाला म्हणाला. "मी दीड वर्षाचा असताना गेली. घरात तिचा एक फोटो नव्हता. बाबा सांगायचे, हसायची फार. कशी हसायची ते आज कळलं." त्याने मावशींचे दोन्ही हात धरले.

"गाणं म्हटल्याशिवाय एक दिवा पुसायची नाही," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर मैना."

एव्हाना भोवती गर्दी जमली. मावशींनी दवाखान्यातल्या नर्सला ओळखलं, वजनकाट्यावरच्या जुळ्या भावांपैकी थोरला कोण तेही बरोबर सांगितलं. ज्याला त्याला त्यांचे आभार मानायचे होते. आणि जो तो मनातून खजील होता, कारण मावशी कोण ते एकालाही आठवत नव्हतं.

"तुमचे उपकार कसे फेडायचे?" क्रेनवाल्याने विचारलं.

"आभार तर मला मानायचेत, म्हणून आले," मावशी म्हणाल्या. "मी एकटी बाई. ना आगा ना पिछा. तुम्ही सगळे होतात म्हणून दिवस सुखाचे गेले."

"मग आमच्या शेजारच्याच असणार तुम्ही," क्रेनवाला ओशाळून म्हणाला. "वय झालं, लक्षात येत नाही. घर कुठलं हो तुमचं?"

मावशींनी हॉलभर एक नजर फिरवली.

"मी खाली शहरात, कंपनीच्या डार्करूममध्ये," त्या म्हणाल्या. "फोटोग्राफर फिल्मबरोबर तुमच्या हकिगती लिहिलेल्या चिठ्ठ्या पाठवायचा, त्या वाचून मी पाकिटांवर तुमची नावं घालायची. बावीस वर्षं. इथं मी आजच पहिल्यांदा येतेय."